तिसऱ्या कुत्रीचा बिल्ला

रेशनच्या दुकानात आमची तीन कुटुंबं होती. तीन कार्डं, तीन पिशव्या, रॉकेलच्या रांगेत तीन डबे. मतं मागायला येणारे लोक तीन दारांशी तीनदा हात जोडायचे. आणि पालिकेत कुत्र्यांचा विषय निघाला तेव्हा आम्ही अचानक एक घर झालो. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आज साठी ओलांडल्यावरही पटत नाही, आणि कुणी समजावून सांगायला आलं तर मी अजून भांडायला तयार आहे.

आमचं घर वसईत, पण खाडीच्या अंगाला. वटार गावाकडच्या लोकांना केळीच्या वाड्या, फुलं, भाजी. आमच्याकडे भाताचं एकच पीक, शेतांपुढे मिठागरं आणि मिठागरांपुढे खारफुटीची तिवरं. तालुक्यात तेव्हा लहान पालिका आणि ग्रामपंचायती यांची सरमिसळ होती. आमची आळी एका पालिकेच्या हद्दीत अगदी कडेला पडायची. पालिका कुठली ते मी लिहीत नाही. ज्यांनी तिथे हेलपाटे घातले त्यांना न सांगता कळेल.

घर लांबलचक, कौलारू, ओळीने तीन दारं. मधलं दार मोठ्या बाबाचं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्याचं. दक्षिणेचं आमचं. आणि खाडीकडचं धाकट्या काकीचं. काका मिठागरावर कामाला होता, तापाने गेला, तेव्हा मी सातवीत होते. मूलबाळ नव्हतं. काकी आता कळंबला माहेरी जाईल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. ती गेली नाही. आपल्या दोन खोल्यांत राहिली.

या खोल्या तिच्या कशा झाल्या ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्यात वाटणी कागदावर होत नसे. आजी जिवंत असताना एका सकाळी तिने मोठ्या चुलीतला विस्तव दोन खापरांत काढला. एक खापर माझ्या आईच्या हातात दिलं, एक काकीच्या. मोठ्या सुनेकडे जुनी चूल राहिली. या दोघींनी आपापल्या खोलीत जाऊन त्या विस्तवावर नवी चूल पेटवली, भात शिजवला, आळीतल्या चार म्हाताऱ्यांना जेवायला बोलावलं. झाली वाटणी. तलाठी नाही, सही नाही, शिक्का नाही. विस्तव वेगळा म्हणजे घर वेगळं, याबद्दल शंका घेणारा माणूस आमच्या आळीत नव्हता. पालिकेच्या वहीत मात्र एकच घर क्रमांक राहिला, तोही मेलेल्या आजोबाच्या नावावर. तो बदलावा असं कुणाला सुचलंही नाही. कशाला सुचेल? चूल समोर दिसत होती.

काकी कोंबड्या पाळायची. त्यावरच तिचं चालायचं. होळी बाजाराकडची ख्रिस्ती घरं तिची गिऱ्हाइकं. लग्नसराईत कोंबडे, नाताळच्या आधी केकसाठी अंडी, तिथल्या बाया महिनाभर आधी सांगून ठेवत. आणि कोंबड्या म्हटलं की कोल्हे आले. तिवरांतले कोल्हे अंधार पडायच्या आत बांधावर येऊन बसत, आपण पाहुणे असल्यासारखे. त्यांना धाकात ठेवायची ती काकीची कुत्री. तांबडी, हडकुळी, एक कान फाटलेला. तो कोल्ह्यानेच फाडलेला. तिला नाव नव्हतं. "यू, यू" म्हटलं की यायची.

कुत्रीचं आणखी एक काम होतं. आमच्यात धाकटी सून थोरल्या दिराशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. त्या काळी तर नाहीच. घरात आम्ही मोठ्या माणसांनाही अरेतुरे करतो, वाचणाऱ्याने उद्धटपणा समजू नये. पण दिराशी बोलणं हे वेगळं. मग काकी कुत्रीशी बोलायची. मोठा बाबा पडवीत बसलेला असला की ती अंगणात कुत्रीपुढे भाताची पेज ठेवून सुरू करायची.

"बघ गो, आपल्या दारातला नारल कोन काढून नेतो ता. पन तू भुंकू नको. मोठी मानसा हायत."

मोठा बाबा विडी बाजूला करून कौलांकडे बघत म्हणायचा, "कुत्रीला सांग म्हनावा, माड आजानं लावलाय."

"आजानं लावला, खरा हाय गो. पानी कोन घालतो ता आज्याला इचारून ये जा."

आई आत पदराने तोंड दाबून हसायची. सात-आठ वर्षं हे असं चाललं होतं. दोघांचं एकमेकांशी एक शब्द बोलणं नाही, पण पोटात काही राहिलंही नाही. मधे कुत्री होती.

ज्या वर्षी मी बी.ए. झाले त्याच वर्षी नियम आला. मी आळीतली पहिली पदवीधर. मुलगे धरूनही पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तेव्हा कुणी मुद्दाम म्हटलं नव्हतं. निकालानंतर नोकरीचे अर्ज करत घरीच होते.

त्याआधी बंदराच्या रस्त्यावर एक पिसाळलेला कुत्रा चार जणांना चावला. शेजारच्या आळीतल्या एका लहान मुलीला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. रोज तिची आई तिला कडेवर घेऊन दवाखान्यात न्यायची आणि जाताना ती मुलगी ओरडायची नाही, हे मला जास्त भयंकर वाटायचं. तेव्हा नियम करायलाच हवा होता. कुत्र्याला लस टोचा, पालिकेत नोंद करा, गळ्यात पत्र्याचा बिल्ला बांधा. बरोबरच होतं. मी नियमाच्या बाजूने होते. माझा राग नियमावर कधीच नव्हता.

नोटीस चावडीशेजारच्या फळ्यावर लागली आणि वाचायला मला बोलावलं. मी मोठ्याने वाचली. एका घर क्रमांकावर जास्तीत जास्त दोन कुत्रे. लस टोचल्याचा दाखला जोडावा. मुदतीनंतर बिनबिल्ल्याचे कुत्रे आढळल्यास नष्ट करण्यात येतील.

"नष्ट म्हंजे काय गो?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"मारतील."

"मंग मारतील लिवायचा ना. हात दुखला काय लिवनाऱ्याचा?"

सगळे हसले. मीही हसले. दोन कुत्रे, एका घर क्रमांकावर, हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले होते आणि मला काही खटकलं नाही. बी.ए. झालेल्या मुलीला खटकायला हवं होतं.

गुरांच्या दवाखान्यात आम्ही तीनदा गेलो. मी, बाबा आणि काकी, तिघांच्या हातात तीन दोऱ्या. मोठ्या बाबाचा कुत्रा काळा, आमचा पांढऱ्या ठिपक्यांचा, आणि काकीची तांबडी. तिघं घरी एकत्र लोळायची, पण दोरीत बांधल्यावर अशी भांडायला लागली की रस्त्यातले लोक दुकानाच्या पायऱ्या चढले. पहिल्या खेपेला लस आलीच नव्हती. दुसऱ्या खेपेला आली होती, पण ठाण्याहून येताना बर्फ वितळलेला. डॉक्टर म्हणाले, ही टोचून मी तुम्हाला फसवणार नाही. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. तिसऱ्या खेपेला टोचली. दाखले लिहिताना त्यांनी काकीला विचारलं, "कुत्री कुणाची?"

"माजी."

"नाव सांगा."

काकीने नाव सांगितलं. त्यांनी मालकाच्या रकान्यात ते लिहिलं, खाली सही केली, दाखला तिच्या हातात दिला. घराचा उतारा मागितला नाही, नवऱ्याचं विचारलं नाही. इतकं साधं काम असतं हे, मला वाटलं. उगीच लोक सरकारी कचेरीला घाबरतात.

दुसऱ्या दिवशी मी पालिकेत गेले. अर्ज भरणं हे आमच्या घरात मला एकटीलाच येत होतं आणि, लपवत नाही, मला ते मिरवायचं होतं. सकाळी मोठा बाबा म्हणाला, "मोठ्याचा आधी." म्हणून त्याच्या कुत्र्याचा अर्ज आधी. मग आमचा. लेखणी माझ्या हातात, मग दुसरा नंबर आमचा नाही तर कुणाचा? खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही तपासले, दोन बिल्ले काढून दिले. मी तिसरा अर्ज पुढे सरकवला.

"दोन झाले, ताई."

"हे तिसरं घर आहे."

"क्रमांक?"

"तोच."

"मग घर तेच."

"चूल वेगळी आहे."

"चुलीचा रकाना नाही इथे."

"रेशनकार्ड वेगळं आहे. हे बघा, आणलंय मी."

"रेशन त्या खात्याचं. ही पालिका आहे." त्याने अर्ज परत माझ्याकडे ढकलला. "तुमच्या घरात कुणी मोठं माणूस नाही का? त्यांना पाठवा."

"मी मोठी आहे. पदवीधर आहे."

"मग वाचता येत असेल. नियम वर लावलाय."

माझ्या मागे रांगेत लोक होते. कुणीतरी हसलं. मी दोन बिल्ले मुठीत धरून घरी आले आणि रस्ताभर मला एकच गोष्ट टोचत होती. मी तिसरा अर्ज पहिला दिला असता तर? काकीला गरज सगळ्यांत जास्त होती. आमच्या कुत्र्याने आयुष्यात एक उंदीर मारला नव्हता. मी मोठ्याचं आधी आणि आपलं दुसरं असं लावून आले होते, अगदी आजोबाच्या काळातल्यासारखं. शिक्षणाने हात तेवढा वळणदार झाला होता.

त्याच कारकुनाने जाता जाता सांगितलं होतं की क्रमांक फोडून मागता येतो. अर्ज करा, बाकीच्या हिस्सेदारांची संमती आणा. मी संमतिपत्र लिहिलं आणि मोठ्या बाबापुढे ठेवलं.

त्याने वाचायला चष्मा लावलाच नाही. "कुत्रीसाठी घर फोडतेस?"

"घर आजीने वाटून दिलंय. कागदावर आणायचं फक्त."

"चार बुका शिकली नि आता आम्हाला कागूद दाखवते. आज कुत्रीला नंबर, उद्या कोंबड्यांला. माझा हात दुखतो, सही होत नाय."

खरं कारण सगळ्या घराला माहीत होतं. त्याच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरत होतं, खोल्या कमी पडत होत्या, आणि खाडीकडच्या दोन खोल्यांवर त्याचा डोळा होता. काकी एकटी, आज ना उद्या चूल बंद करेल, आपल्यात जेवेल, पडवीत झोपेल. तो वाईट माणूस नव्हता. तिला उपाशी ठेवलं नसतं. पण तिच्या दोन खोल्यांना तो 'रिकाम्या' म्हणायचा, ती आत राहत असताना.

बाबाला विचारलं. बाबा म्हणाला, "बघू." मोठ्या भावासमोर त्याचं हे एकच उत्तर असायचं. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याला त्याचं काही वाटलं असेल तर दिसलं नाही.

मुदत संपत आली. पलीकडच्या आळीत पालिकेची माणसं येऊन गेली होती. बिनबिल्ल्याच्या कुत्र्यांपुढे विष घातलेल्या गोळ्या टाकून गेली आणि सकाळी लोकांनी आपापले कुत्रे ओढत नेऊन पुरले. काकीने माहेरी निरोप पाठवला. कळंबहून तिचा भाऊ सायकल घेऊन आला. मागे माशांची पाटी बांधलेली होती. त्या पाटीत कुत्रीला बसवली, वर जाळं घातलं. कळंब ग्रामपंचायतीत, तिथे बिल्ला विचारणारं कुणी नव्हतं. सायकल वळणाआड जाईपर्यंत ती जाळ्यातून फाटका कान बाहेर काढून मागे बघत होती.

"वासानेच सुखी होईल ती," काकी म्हणाली आणि आत गेली.

कोल्ह्यांना दोन दिवसांत कळलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन कोंबड्या गेल्या. मग एक, मग तीन. खुराड्याची फळी त्यांनी खालून उकरली. आमचा आणि मोठ्या बाबाचा, बिल्ले घातलेले दोन्ही कुत्रे आमच्या पडवीत बसून भुंकत राहिले. तिवरांकडच्या अंगाला जायची त्यांना कधी सवयच नव्हती. काकी काठी घेऊन उभी राहायची. पण काठी एका बाजूला आणि कोल्हे तीन बाजूंनी. शेवटी अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी गेली, टोपलीतली अंडीही फुटली. नाताळ तोंडावर होता. होळीकडची एक बाई अंडी न्यायला आली तेव्हा काकी तिला म्हणाली, "या वर्षी दुसरीकडे बघ बाय," आणि तिने दिलेली पिशवी घडी घालून परत केली. ती घडी घालताना मी तिचे हात पाहिले. पिसाळलेला कुत्रा कुठला आणि कोंबड्या कुणाच्या गेल्या!

त्याच संध्याकाळी मोठा बाबा पडवीत येऊन बसला आणि भिंतीकडे बघत बोलला. "आता एकटीचा भात कशाला शिजवायचा. आमच्यात दोन घास जास्ती नाय काय. खोल्या मोकल्या झाल्या तर पोराचा लगीन याच वर्षी होईल."

काकी अंगणात होती. तिने तोंड उघडलं. उजवीकडे खाली बघितलं, जिथे कुत्री बसायची तिथे. तिथे कुणी नव्हतं. तोंड मिटून ती आत गेली. तिचं उत्तर ऐकायची इतक्या वर्षांची सवय असलेला मोठा बाबासुद्धा थोडा वेळ थांबून राहिला.

मी त्या दिवशी ठरवलं की बस. संमती नसेल तर नसेल. मी पालिकेला सरळ अर्ज लिहिला: घरात तीन स्वतंत्र कुटुंबं राहतात, प्रत्यक्ष येऊन पाहणी करावी. शुद्ध मराठीत, समासासकट, दोन प्रती. पोच मागितली तर कारकून म्हणाला, "पोच कशाला? आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, "नाही." पोच मिळाली. मग साहेब दौऱ्यावर, मग साहेब बैठकीत, मग फाइल वरच्या टेबलावर. मी प्रत्येक वेळी त्याच बाकावर जाऊन बसायचे. मला पाहून शिपाई म्हणायचा, "आली कुत्रेवाली." माझ्या पदवीला पहिला मान तिथे असा मिळाला.

अखेर कर खात्याचा एक निरीक्षक आला. मोठ्या बाबाने त्याला शहाळं फोडून दिलं, खुर्ची दिली, आपण समोर बसला. आळीतली चार माणसं जमली. बाबा खांबाला टेकून उभा. आई आणि मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबाची बायको, दारात, आणि काकी आपल्या दाराच्या आत, अर्धी दिसेल अशी.

"घर एकच हाय साहेब," मोठा बाबा म्हणाला. "बाया वेगल्या रांदतात, इतकाच."

निरीक्षकाने मान डोलावली आणि लिहायला घेतलं.

"असं कसं?" मी पुढे झाले. "तुम्ही अजून आत पाऊलसुद्धा टाकलं नाही."

"तुम्ही थांबा ताई. कर्त्या माणसाला बोलू द्या."

मी काय उत्तर देणार होते ते आज आठवत नाही, चांगलं नसणार. कारण तेवढ्यात काकी बाहेर आली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला. अंगण ओलांडून ती मोठ्या बाबासमोर येऊन उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे बघून. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून असं कधी झालं नव्हतं. मोठ्या आईच्या तोंडून "अगो बाय" निघालं.

"भावजी," काकी म्हणाली, "सासूनं माझ्या हातावर इस्तव ठेवला तवा तू या पडवीतच बसला होतास. का नव्हतास?"

शहाळ्याचं पाणी निरीक्षकाच्या हातात तसंच.

मी मोठ्या बाबाला खूप वर्षं नावं ठेवली, अजूनही ठेवते. पण आईने दिलेल्या विस्तवाबद्दल खोटं बोलणं त्याच्याने झालं नाही. त्याने विडी शोधली, मिळाली नाही. "होतो," तो म्हणाला.

"मीपन होतो," खांबाजवळून बाबा म्हणाला. "लिवा साहेब."

एवढं बोलायला त्याला तीन आठवडे आणि सगळ्या कोंबड्या लागल्या होत्या.

"विस्तव म्हणजे?" निरीक्षकाने मला विचारलं. आता मला विचारलं. मी सांगितलं. तो उठला, चपला काढून काकीच्या खोलीत गेला, चुलीपाशी वाकला. राख हाताने चाचपली. बाहेर येऊन लिहिलं: स्वतंत्र चूल आढळली. मग खाली आमच्या जुन्या क्रमांकाला तिरकी रेघ देऊन तीनचा आकडा, आणि पुढे काकीचं नाव. मोठ्या बाबाने सही केली. हात दुखत होता म्हणणाऱ्या माणसाने लांबलचक सही केली. त्या दिवशी जेवला मात्र उशिरा.

घर क्रमांकाची पाटी नंतर मिळेल, पत्र्याच्या पाट्या संपल्यात, असं निरीक्षक म्हणाला. कुत्रीचा परवाना आता घ्यायला हरकत नाही.

काकी स्वतः माझ्याबरोबर खिडकीपाशी आली. तोच कारकून. त्याने अर्ज वरून खाली पाहिला. "कुत्र्याचं नाव?"

"नाव कशाला?" काकी म्हणाली. "ती काय शालेत जाते?"

"रकाना रिकामा चालत नाही."

"मंग लिव, यू."

"यू?"

"यू म्हटला की येते. अजून काय करायचाय?"

त्याने लिहिलं, यू. बिल्ला दिला. गोल, पत्र्याचा, कडेला भोक, मधे आकडा आणि पालिकेचा शिक्का. काकीने तो पदराच्या गाठीत बांधला.

कुत्री त्याच पाटीतून, त्याच सायकलवरून परत आली. मासे खाऊन अंगाने भरली होती. पाटीतून उडी मारून ती आधी तिवरांकडच्या बांधावर गेली, सगळं हुंगून आली, मग काकीपाशी. मी दोरी आणि बिल्ला बांधायला तार घेऊन तयार. बघते तर काकी स्टुलावर चढलेली, हातात दगड आणि खिळा. बिल्ला तिने आपल्या दाराच्या वरच्या चौकटीवर ठोकला होता. मधोमध, दुरून दिसेल असा.

"काकी, हे काय केलंस? तो कुत्रीच्या गळ्यात बांधायचा असतो!"

"दिसतो ना नीट?"

"अगं, ती बिनबिल्ल्याची फिरली तर पालिकेवाले मारतील तिला. यासाठीच ना इतकं सगळं केलं?"

काकी स्टुलावरून उतरली. "कुत्री कोनाची ता कुत्रीला ठाऊक हाय. घर कोनाचा ता मानसांना कलाय पायजे. नंबराची पाटी देतो म्हनाला, दिली काय?"

मी चिडले. खूप चिडले. इतके दिवस ज्या खिडकीशी मी अपमान गिळले, त्याचं हे फळ? मी खिळा उपटायला स्टुलावर पाय ठेवला. तेवढ्यात मधल्या दारातून मोठा बाबा बाहेर आला, त्याने वर पाहिलं, येणाऱ्या सुनेसाठी आणलेला नवा रंगाचा डबा त्याच्या हातात होता. तो आत वळला. काकीने ते पाहिलं, मीही पाहिलं. मी पाय खाली घेतला.

"बघ गो," काकी कुत्रीला म्हणाली, पुरेशा मोठ्याने, "लोकांला आता आपला नंबर वाचता येतो."

आतून उत्तर आलं, जरा उशिराने. "कुत्रीला सांग, वाचता येतो. आंधला नाय मी."

तो बिल्ला आजही त्या चौकटीवर आहे. काकी गेली, कुत्री तर कधीच गेली, दाराला चार वेळा रंग लागला, बिल्ल्यावरूनही लागला. पण शिक्क्याचा उंचवटा बोटाला लागतो. काकी शेवटपर्यंत त्याच दोन खोल्यांत राहिली, आपल्या चुलीवर. पाटी आली नाही.

पण कुत्रीला बिल्ला तर हवाच होता. म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या खिडकीशी. शिपाई म्हणाला, "आली." दुय्यम बिल्ल्यासाठी वेगळा अर्ज असतो, त्यात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं: पहिला बिल्ला मालकिणीच्या दारावर लावलेला आहे, कारण पालिकेने घर क्रमांकाची पाटी दिलेली नाही.

कारकुनाने वाचलं, चष्मा काढला. "ताई, असं कारण चालत नाही. हरवला असं लिहा, आत्ता देतो."

"हरवला नाही."

"मला माहीत आहे हरवला नाही. लिहायला काय जातं?"

लिहायला काय जातं! तीन आठवडे हा माणूस मला सांगत होता की कागदावर नाही ते नाहीच. चूल नाही, काकी नाही, घर नाही. आणि आता जे समोर दारावर ठोकलेलं आहे ते कागदावर हरवलं म्हणायचं.

त्याने वैतागून स्वतःच लेखणी घेतली, माझ्या ओळीवर रेघ मारली आणि वर 'हरवला' लिहिलं. मी त्याच्या हातातून अर्ज घेतला, 'हरवला'वर रेघ मारली.

"आता खाडाखोड झाली," तो म्हणाला. "हा अर्ज बाद."

"दुसरा द्या."

त्याने दुसरा दिला. मी तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पहिल्यापासून पुन्हा तेच लिहायला लागले. मागे रांग वाढत होती. या वेळी कुणी हसलं नाही.